दुरुस्तीचा इतिहास आणि यंत्राची पाठचिकित्सा : मोतो गुत्सीच्या जुन्या मोटारसायकली

यंत्रांच्या इतिहासात शोधाला तारीख असते, उत्पादनाला आकडा असतो. दुरुस्तीला मात्र बहुधा काहीच नसते. गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली की दप्तरातील तिची नोंद संपते. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे ती कोणाच्या हातांनी चालू राहिली, कोणता भाग केव्हा बदलला, कोणता दोष ओळखला गेला आणि कोणता ओळखलाच गेला नाही, याविषयी लिखित पुरावा क्वचितच सापडतो. तो शोधावयाचा तर यंत्रातच शोधावा लागतो : झिजलेल्या स्क्रूच्या खाचेत, दुसऱ्याच वर्षाच्या नटबोल्टांत, मूळ तारेला जोडलेल्या निराळ्या रंगाच्या तारेत. हस्तलिखितांशी परिचय असलेल्या अभ्यासकाला ही परिस्थिती नवी वाटू नये. मूळ प्रत हरवलेली आहे, उपलब्ध प्रतींवर अनेकांचे हात फिरले आहेत, आणि तरीही त्यांच्यावरून काही निश्चित असे सांगता येते, या विश्वासावरच पाठचिकित्सेचा व्यवहार चालतो. इटलीतील मोतो गुत्सी या कारखान्याच्या जुन्या मोटारसायकली आणि त्या घरच्या घरी राखणाऱ्या मालकांची परंपरा, हा या दृष्टीने विचार करण्याजोगा विषय आहे.

मोतो गुत्सीची स्थापना १९२१ च्या मार्चमध्ये जेनोआ येथे झाली. कारखाना मात्र कोमो सरोवराच्या काठावरील मान्देल्लो देल लारिओ या गावी निघाला आणि त्याच गावाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. कार्लो गुत्सी हा रचनाकार, जॉर्जो पारोदी हा जेनोआच्या जहाजमालक घराण्यातील मुलगा आणि जोवान्नी रावेल्ली हा वैमानिक, असे तिघे मित्र पहिल्या महायुद्धात इटालियन नौदलाच्या विमानदलात एकत्र आले होते. युद्ध संपल्यावर मोटारसायकल काढावयाची असे त्यांनी ठरविले; परंतु १९१९ मध्ये रावेल्ली विमान-अपघातात मरण पावला. कारखान्याच्या चिन्हातील पंख पसरलेला गरुड त्याच्या स्मरणार्थ आहे. भांडवल जॉर्जोचे वडील एमान्वेले वित्तोरिओ पारोदी यांनी पुरविले.

पहिल्या 'नोर्माले' या गाडीचे एकमेव सिलिंडर पुढील चाकाच्या दिशेने आडवे ठेवलेले होते. सिलिंडरचा व्यास ८८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर आणि घनफळ सुमारे ४९८ घन सेंटिमीटर होते. जडचक्र, म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाच्या बाहेर उघड्यावर फिरत असे. मांसाचे काप करण्याच्या यंत्रावरून इंग्लंडमधील चालकांनी त्याला थट्टेने नाव दिले, ते अजून टिकून आहे. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत शक्ती नेण्यासाठी साखळीऐवजी दातेरी चाके होती. तपशिलात पुष्कळ बदल झाले, तरी ही मांडणी आणि व्यास-धाव यांचे हेच माप १९५० पासून १९६७ पर्यंत निघालेल्या 'फाल्कोने' या गाडीपर्यंत चालत आले. सेहेचाळीस वर्षे एकच सांगाडा टिकून राहिल्याचे हे उदाहरण यंत्रविद्येत दुर्मीळ आहे. याचा दुरुस्तीशी संबंध सरळ आहे. गावचा एखादा लोहार १९३० मध्ये जे शिकला, ते त्याच्या मुलाला १९६० मध्येही उपयोगी पडत असे. कार्लोचा भाऊ जुझेप्पे गुत्सी याने मागील चाकास स्प्रिंग बसविलेली चौकट तयार केली आणि १९२८ मध्ये तिच्यावर बसून उत्तर ध्रुववृत्तापर्यंत प्रवास केला, तेव्हा वाटेत भेटणाऱ्या अनोळखी हातांवर विसंबण्याची सोय नव्हती. जे काही बिघडेल ते चालकानेच सुधारावयाचे, ही त्या प्रवासाची गृहीत अट होती.

दुसरी अट शासनाकडून आली. दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्याने वापरलेली 'आल्चे', युद्धानंतरची 'सुपेरआल्चे' आणि पोलिसांना व सैन्याला पुरविलेल्या फाल्कोने, या गाड्या ज्यांच्या हाती पडत ते शिपाई काही निष्णात कारागीर नव्हते. सोप्या अवजारांनी उघडता येईल, चुकून उलटे बसविता येणार नाही, आणि बसविलेले पुन्हा काढता येईल, असे यंत्र शासनाला हवे असते. व्यापारी गिऱ्हाईक देखणेपणासाठी थोडा त्रास सोसते. शासन सोसत नाही, कारण त्याला हजार गाड्यांचा हिशेब एकत्र मांडावयाचा असतो. १९६० नंतर पोलिसांसाठी अधिक मोठ्या गाडीचा विचार सुरू झाला. ती जुजबी देखभालीवर १,००,००० किलोमीटर चालावी अशी अपेक्षा होती. या मागणीला उत्तर म्हणून जुलिओ चेझारे कार्कानो याने रचलेली ७०३ घन सेंटिमीटरची 'व्ही-७' १९६५ च्या अखेरीस मिलानच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १९६७ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. तिची दोन सिलिंडरे परस्परांशी ९० अंशांचा कोन करून गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली होती. मागील चाकाला साखळीऐवजी दांड्याने गती मिळत होती. क्लच मोटारगाडीसारखा कोरडा होता.

या इंजिनाच्या वंशावळीविषयी एक समजूत पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. डोंगरी सैन्यासाठी गुत्सीने १९६० च्या सुमारास '३ × ३' नावाचे तीन चाकांचे वाहन केले होते, आणि व्ही-७ चे इंजिन त्याच्यापासून आले, असे ती समजूत सांगते. दोन्ही इंजिने ९० अंशांची आहेत आणि दोन्ही कार्कानोची आहेत, एवढेच त्यांच्यातील साम्य. रचनेने ती निरनिराळी आहेत. व्ही-७ चे खरे पूर्वरूप कार्कानोने छोट्या फियाट ५०० मोटारीसाठी आखलेल्या इंजिनात शोधले पाहिजे. दिसण्यातील साम्यावरून जन्यजनकभाव ठरविण्याची चूक भाषाभ्यासात जितकी सहज होते तितकीच ती येथेही झाली आहे, आणि लष्करी खेचराचे इंजिन पाठीवर घेऊन धावणारी गाडी ही कथा गोड असल्यामुळे ती जावयास तयार नाही.

गाडी निघाली तेव्हा कारखाना संकटात होता. कार्लो गुत्सी १९६४ मध्ये वारला. १९६६ मध्ये कारखान्याचा कारभार कर्जामुळे दुसऱ्यांच्या देखरेखीखाली गेला. कार्कानो बाहेर पडला. १९६७ मध्ये नव्या संस्थेने कारखाना चालविण्यास घेतला आणि लीनो तोन्ती मुख्य रचनाकार म्हणून आला. व्ही-७ च्या इंजिनावर, दोन सिलिंडरांच्या मध्ये, पट्ट्याने फिरणारा डायनामो बसविलेला होता व त्यामुळे गाडी उंच झाली होती. तोन्तीने विजेचे जनित्र इंजिनाच्या पुढील टोकाला नेले आणि १९७१ च्या 'व्ही-७ स्पोर्त' साठी नवी, ठेंगणी चौकट रचली. या चौकटीच्या खालच्या दोन नळ्या बोल्टांनी जोडलेल्या असून त्या सुट्या होतात. इंजिन आणि गिअरबॉक्स खाली ठोकळ्यांवर टेकवून, पुढची बाजू मोकळी करून, वरची चौकट मागील भागावर फिरवून उचलता येते. वजन उचलण्याचे साधन नसलेल्या एका माणसाला, घराच्या मागील पडवीत, क्लचपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग आहे. ही सोय मुद्दाम घरगुती मालकासाठी केलेली होती असे म्हणावयास आधार नाही. परंतु तिचा सर्वाधिक उपयोग त्यानेच करून घेतला, यात शंका नाही.

गाडीबरोबर मालकाला एक पुस्तिका मिळत असे. तिच्यावर 'उझो ए मानुतेन्त्सिओने', म्हणजे 'वापर आणि देखभाल', असे शब्द असत. 'मानुतेन्त्सिओने' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये 'हाताने धरून ठेवणे' असे आहे. मराठीतील 'देखभाल' या शब्दाचे दोन्ही अवयव पाहण्याच्या अर्थाचे आहेत. त्यातील 'भाल' हा संस्कृत 'निभाल्' या धातूशी संबद्ध आहे. एक भाषा वस्तू हाताने राखते, दुसरी डोळ्यांनी. प्रत्यक्ष कामात दोन्ही लागतात हे कोणीही कारागीर सांगेल. 'दुरुस्ती' फारसीतून आली, आणि ती करणारा 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे' वरून आला असे मानले जाते; म्हणजे गोव्याच्या वाटेने आलेला हा शब्द इटालियन 'माएस्त्रो' चा सख्खा भाऊ ठरतो. कारखाना दोन प्रकारची पुस्तके छापी : एक मालकासाठी, दुसरे कार्यशाळेसाठी. या दोहोंमधील सीमारेषा कोठे पडते, हा देखभालीच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. सत्तरीतील गुत्सीच्या मालकाला पॉइंटमधील अंतर, व्हॉल्व्हचे टॅपेट आणि कार्ब्युरेटरची सफाई ही कामे स्वतः करण्यास सांगितलेले असे. आजच्या गाड्यांच्या पुस्तिकांत यांपैकी बहुतेक जागी अधिकृत विक्रेत्याकडे जाण्याचा सल्ला असतो. मालकाच्या हातून काम काढून घेतले जाण्याचा हा इतिहास कोणी स्वतंत्रपणे लिहिला पाहिजे.

टॅपेट लावण्याच्या कामाचे उदाहरण घ्यावे. १९७५ च्या '८५० टी-३' या गाडीत व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी रॉकर यांच्यामध्ये, इंजिन थंड असताना, ०.२२ मिलिमीटर जागा असावी लागते. इटालियन भाषेत या जागेला 'जोको', म्हणजे 'खेळ', म्हणतात. आपल्याकडील मिस्त्रीही सैल बसलेल्या भागाला 'प्ले आला' असेच म्हणतो. सिलिंडरे बाहेर आलेली असल्यामुळे टाकी न काढता, पंखाही न हलविता, झाकण उघडले की रॉकर समोर दिसतात. दोन्ही प्लग काढावेत, गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, पाचव्या गिअरमध्ये टाकून मागील चाक हाताने फिरवावे, आणि पिस्टन वरच्या टोकाला आला म्हणजे थांबावे. तो वर आला हे कळण्यासाठी फ्लायव्हीलवर खुणा कोरलेल्या असतात आणि क्लचच्या आवरणास पडलेल्या छिद्रातून त्या दिसतात. खुणेची अक्षरे दोन आहेत : 'डी' आणि 'एस'. 'देस्त्रा' म्हणजे उजवे आणि 'सिनिस्त्रा' म्हणजे डावे. इटालियन न जाणणाऱ्या मालकांनी या दोन अक्षरांवर पुष्कळ वेळ घालविलेला आहे. 'देस्त्रा' हा लॅटिन 'देक्स्तेर' चा वंशज, आणि 'देक्स्तेर' व संस्कृत 'दक्षिण' एकाच मुळाचे आहेत, एवढे ध्यानात ठेवले तर मराठी वाचकाची तरी गफलत होणार नाही. उजवे-डावे हे चालक खोगिरावर बसला आहे असे धरून समजावयाचे. खूण जुळल्यानंतरही एक परीक्षा उरते. चार धावांच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. दाबाच्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दुसऱ्या वेळी नसतात. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात की नाही हे पाहिल्याशिवाय फीलर गेज आत घालू नये. खूण आवश्यक आहे, पण एकटी ती पुरेशी नाही. संदर्भ पाहिलाच पाहिजे.

आता बिघाड शोधण्याच्या पद्धतीकडे वळावे, कारण या गाडीचे खरे वैशिष्ट्य तेथे आहे. टी-३ सारख्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर, स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र कंडेन्सर आणि स्वतंत्र कॉइल असते. म्हणजे एकाच यंत्रात एकाच वाक्याच्या दोन प्रती शेजारी ठेवलेल्या असतात. डावे सिलिंडर चालत नाही आणि उजवे चालते, असे असेल तर दोष शाखा फुटल्यानंतरच्या भागात असला पाहिजे. दोन्ही एकदम बंद पडत असतील तर तो शाखा फुटण्यापूर्वीच्या भागात, म्हणजे बॅटरी, स्विच, फ्यूज किंवा पेट्रोलची टाकी यांच्यात असला पाहिजे. लाखमनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाठचिकित्सेच्या पद्धतीत समान प्रमादावरून समान पूर्वज अनुमानिला जातो, तेच हे तत्त्व आहे. पुढील पायरी पाठचिकित्सकाला उपलब्ध नसते आणि कारागिराला असते : तो डावीकडील कॉइल उजवीकडे लावून पाहू शकतो. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल दोषी. जागच्या जागी राहिला तर कॉइल निर्दोष. अशा रीतीने एकेक भाग अदलाबदल करीत गेले म्हणजे कोणतेही मापनयंत्र न वापरता बहुतेक बिघाड तासाभरात सापडतो. एका वेळी एकच भाग बदलावा, हा नियम मात्र मोडता कामा नये; दोन बदलले की पुरावा नष्ट झाला. पहिल्या व्ही-७ मध्ये दोन्ही सिलिंडरांना मिळून एकच कॉइल आणि वरून टोपी असलेला वाटपी होता. त्या वाटपीचे इटालियन नाव 'स्पिन्तेरोजेनो', ठिणगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनविलेले. त्या गाडीत वंशवृक्षाची शाखा पुढे सरकते, म्हणून अनुमानही बदलते : एकच सिलिंडर मेले असेल तर कॉइल आणि पॉइंट निर्दोष समजून टोपी, तार आणि प्लग यांच्याकडे पाहावे.

समान दोषाचे एक उदाहरण फार फसवे आहे. गाडी सुरू होते, दहा-पंधरा मिनिटे चांगली चालते, मग दोन्ही सिलिंडरे धापा टाकून बंद पडतात. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होतात. मालक कॉइल बदलतो, पॉइंट बदलतो, कार्ब्युरेटर धुतो. कारण बहुधा टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजलेले हे असते. पेट्रोल खाली जाते, वर हवा येत नाही, आणि शेवटी प्रवाह थांबतो. गाडी बंद पडताच झाकण उघडले असता हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर निदान झाले.

कार्ब्युरेटर मिलानजवळील सेरेन्यो येथील देल्लोर्तो या कारखान्याचे असत. त्यांच्यावर एक छोटे बटण असते. ते दाबले म्हणजे तरंगणारा गोळा खाली जाऊन पेट्रोल अधिक भरते आणि थंड इंजिन लवकर पेटते. इटालियन लोक या क्रियेला 'चिकेत्तो' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ दारूचा घोट असा आहे. दोन कार्ब्युरेटरांची गती समान ठेवणे हे त्यातले नाजूक काम. त्यासाठी आज मापके मिळतात. पण जुने मालक दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून दुसऱ्याकडून थ्रॉटल हळू फिरवून घेत आणि दोन्ही झडपा एकाच क्षणी बोटाखालून सरकतात की नाही हे पाहत. केबलची लांबी एवढ्याने पुरेशी जुळते. बोटाला कळणारा फरक कानालाही कळतो, मात्र त्यासाठी एकाच गाडीशी काही वर्षांचा सहवास असावा लागतो.

विजेच्या बाबतीत इटालियन गाड्यांची अपकीर्ती आहे, आणि ती काही अंशी पोसलेली आहे. मूळ रचना साधी होती. चौकटीशी जोडलेल्या तारांच्या टोकांवर गंज चढणे, फ्यूजच्या पट्ट्या काळ्या पडणे आणि मागील मालकाने मधेच जोडलेली तार, या तीन कारणांनी तिचे नाव गेले. एक दोष मात्र शिकण्यासारखा आहे. टी-३ सारख्या गाड्यांत बॉशचे जनित्र असते आणि समोर लाल दिवा असतो. सूचक दिव्याला इटालियनमध्ये 'स्पीआ', म्हणजे हेर, म्हणतात. जनित्र वीज देऊ लागले की हा दिवा विझतो. साहजिकच दिवा फक्त बातमी देतो असे वाटते, आणि तो जळून गेला तर नुकसान केवळ बातमीचे झाले असे समजून मालक चालत राहतो. वस्तुतः जनित्राच्या फिरत्या भागात आरंभीचे चुंबकत्व निर्माण करणारा प्रवाह त्याच दिव्यातून जातो. दिवा गेला की जनित्र जागे होत नाही आणि बॅटरी रिकामी होऊन गाडी रस्त्यात थांबते. म्हणून किल्ली फिरविल्यावर लाल दिवा लागला नाही, तर ते शुभलक्षण समजू नये. सर्वात आधी तो दिवाच बदलावा.

या सर्वांहून गंभीर असा एक दोष आहे, आणि त्यानेच या गाड्यांच्या मालकांमध्ये मतभेद उत्पन्न केला आहे. पहिल्या मोठ्या गाड्यांची सिलिंडरे ॲल्युमिनियमची असून त्यांच्या आतील पृष्ठभागावर कठीण क्रोमचा थर चढविलेला होता. लोखंडी सिलिंडरापेक्षा ती हलकी, लवकर थंड होणारी आणि झिजेला अधिक टिकणारी. त्या काळात हा उपाय प्रगत समजला जाई, आणि सतत रस्त्यावर असणाऱ्या पोलीस गाडीच्या दृष्टीने तो अयोग्यही नव्हता. क्रोमच्या थराला अतिसूक्ष्म भेगा असतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की दमटपणा त्या भेगांतून आणि कडांवरून थराखाली शिरतो, ॲल्युमिनियम गंजते, आणि थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. सुटलेले कण तेलात मिसळतात. पहिल्या गाड्यांत तेलासाठी केवळ तारेची जाळी होती. ओतीव टाकीच्या आत बसविलेला कागदी फिल्टर १९७५ च्या टी-३ मध्ये आला, आणि तो बदलण्यासाठी खालचे सगळे बोल्ट काढावे लागतात म्हणून तो बदलण्याकडे दुर्लक्षही झाले. जाळीतून निसटलेले क्रोम बेअरिंगपर्यंत पोहोचते आणि तेथे काचकागदासारखे काम करते.

हे वेळेवर ओळखावयाचे कसे? काढलेले तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात पाहावे. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवावे. चिकटले तर ते पोलादाचे, म्हणजे टॅपेट, कॅम किंवा दातेरी चाके यांच्यापैकी कोणाचे तरी. चिकटले नाहीत तर क्रोम, ॲल्युमिनियम अथवा बेअरिंगचा मऊ धातू. ही शेवटची बातमी वाईट. आज प्लगच्या छिद्रातून तारेच्या टोकावरील बारीक कॅमेरा घालून आतील भिंत पाहता येते, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तेवढे केल्याशिवाय पैसे मोजू नयेत. उपाय ठाऊक आहे. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेला 'निकासिल' नावाचा लेप जर्मनीतील माले या कारखान्याने १९६७ मध्ये काढला होता. मान्देल्लो येथीलच जिलार्दोनी हा कारखाना तो चढविलेली सिलिंडरे आणि जुळणारे पिस्टन करतो, आणि गुत्सीनेही पुढे मूळ उत्पादनात हाच लेप स्वीकारला. एका दुपारी दोन्ही बाजू बदलून होतात.

मतभेद येथे सुरू होतो. चालणाऱ्या, धूर न काढणाऱ्या गाडीची क्रोम सिलिंडरे केवळ भीतीपोटी काढावीत काय? ती काढली तर १९७२ ची गाडी १९७२ ची राहते काय? इटलीत जुन्या वाहनांची नोंद आणि परीक्षा करणारी आउतोमोतोक्लुब स्तोरिको इतालियानो ही संस्था १९६६ पासून आहे. मूळ रूपाचा आग्रह तेथे स्वाभाविक आहे. त्याच देशात चेझारे ब्रांदी या पंडिताने १९६३ मध्ये जीर्णोद्धाराचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. कलाकृतीचे दोन हक्क असतात, एक सौंदर्याचा आणि एक इतिहासाचा, आणि जीर्णोद्धार करणाऱ्याने दोघांनाही उत्तर द्यावे लागते, अशी त्याची भूमिका होती. मोटारसायकलीच्या बाबतीत तिसरा हक्क मानावा लागेल, तो चालण्याचा. चित्र पाहिले जाते. गाडी चालली नाही तर ती लोखंडाची मूर्ती होते, आणि क्रोमच्या बाबतीत तर उभी राहणे हेच तिच्या नाशाचे कारण आहे. जोर्जो पास्क्वाली या इटालियन भाषाशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवून दिले की, हस्तलिखित नंतरचे आहे एवढ्याने ते हीन ठरत नाही. गोठ्यात चाळीस वर्षे झाकून ठेवलेली, कोणाचाही हात न लागलेली गाडी ही शुद्ध प्रत, आणि रोज चालविलेली, दहा वेळा उघडलेली गाडी ही भ्रष्ट प्रत, असे मानणारांनी पास्क्वालीचा विचार करावा. पहिलीच्या सिलिंडरात पापुद्रे निघालेले असतात; दुसरीच्या आत, निराळ्या धातूचे का असेना, पिस्टन आणि भिंत यांचे मूळ नाते जिवंत असते.

याचा अर्थ हवे ते बदलावे असा होत नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, मूळ कार्ब्युरेटरऐवजी जपानी, तारांचा सगळा जुडगा नवा, अशी भूक वाढत जाते आणि शेवटी इंजिनाचा क्रमांक तेवढा मूळचा उरतो. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी महाभारताच्या आदिपर्वाच्या संपादनात, १९३३ मधील प्रस्तावनेत सांगितल्याप्रमाणे, पदरचा पाठ घालण्याच्या बाबतीत अत्यंत संयम पाळला; प्रतींचा आधार असेल तेथे कठीण वाटणारा पाठही राहू दिला. पॉइंटचे अंतर ०.३७ ते ०.४३ मिलिमीटर ठेवणे हे काम कठीण नाही. ते वारंवार करावे लागते एवढेच. कंटाळा हे पाठ बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. क्रोमचे कारण निराळे आहे, कारण तेथे मूळ पाठच उरलेल्या ग्रंथाला खाऊन टाकतो.

तुलनेसाठी बोलोन्या येथील दुकातीचा उल्लेख पुरेसा आहे. फाबिओ तालिओनी याने १९५६ मध्ये शर्यतीसाठी वापरलेली आणि १९६८ मध्ये रस्त्यावरील गाड्यांत आणलेली 'देस्मोद्रोमिक' रचना व्हॉल्व्ह मिटविण्याचे काम स्प्रिंगऐवजी दुसऱ्या रॉकरकडे देते. शब्द ग्रीक आहे : बंधन आणि धाव. प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याची आणि मिटण्याची अशी दोन अंतरे असल्यामुळे दोन सिलिंडरांच्या, चार व्हॉल्व्हच्या गाडीत आठ मापे जुळवावी लागतात, आणि ती स्क्रू फिरवून नव्हे, निरनिराळ्या जाडीच्या टोप्या बदलून. रचना श्रेष्ठ असेल. घरी तिच्याशी झगडणारे मालक थोडे आहेत, हेही खरे.

महाराष्ट्राशी गुत्सीचा संबंध अलीकडचा आणि आडवळणाचा आहे. वेस्पा स्कूटरचे जनक पिआजो यांच्याशी पुण्याच्या बजाजचा करार १९७१ पर्यंत चालला, आणि त्या गाड्यांनी मराठी मध्यमवर्गाला प्लग साफ करणे व सुरू न होणारी गाडी एका बाजूला कलती करून किक मारणे शिकविले. ही दुसरी विद्या कोणत्याही पुस्तिकेत नव्हती. त्याच पिआजोने २००४ च्या अखेरीस मोतो गुत्सी विकत घेतली, आणि बारामती येथे त्याचा स्वतःचा कारखाना आहे.

काढलेल्या क्रोम सिलिंडरांचे काय करावयाचे, याविषयी अनुभवी मालकांचा प्रघात समंजस आहे. ती भंगारात न देता तेल लावून, कागदात गुंडाळून, आपापल्या पिस्टनसह पेटीत ठेवावीत. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यावर मापाच्या वर्गाची अक्षरे ठोकलेली असतात. एकाच वर्गाची जोडी एकत्र राहिली पाहिजे. कोणत्या बाजूचे ते चिठ्ठीवर लिहावे, किलोमीटरचा आकडा लिहावा, तारीख लिहावी. गाडी विकताना पेटी गाडीबरोबर जावी.